डावं दार, उजवं दार

मद्रासहून परत आल्यापासून जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो. समुद्र केवढा आहे, आणि जेवणाचं काय केलंस. समुद्र मोठा आहे आणि जेवण उत्तम आहे. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो, आणि तिथं असताना दोन्हींत माझं धड लक्षही नव्हतं. मी एक मोटार ओळखायला गेलो होतो, आणि तसली मोटार मी जन्मात कधी पाहिली नव्हती.

आधी माझं थोडं सांगतो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. वडील कऱ्हाडच्या अलीकडच्या एका गावात बैलगाड्या बांधतात, आमचं सुतारमेट आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, तेही दुसऱ्या वर्गात. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो. कोल्हापुरात अण्णासाहेबांच्या मोटार कारखान्यात मी नोकरीला आहे. संस्थानं गेली तरी संस्थानिकांच्या गाड्या राहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आमच्याकडेच दुरुस्तीला येतात.

युद्धानंतर अमेरिकेत बहुतेक मोटारी साच्यातून काढल्यासारख्या एकाला एक निघत होत्या. पण काही फार श्रीमंत लोक कारखान्याकडून नुसती चासी घेत, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. त्यावर एखाद्या छोट्या कारखान्यातून हातानं ठोकलेली बॉडी चढवून घेत. तशी गाडी एखादीच असते. आपल्या देशात अशा किती आल्या कुणी नक्की सांगत नाही, आणि आल्या त्यांतल्या कित्येक मोडीत गेल्या.

मद्रासच्या एका वृद्ध गृहस्थांचं अण्णासाहेबांना पत्र आलं होतं. नाव सेतुराव. तंजावरकडचे मराठी. एका जमीनदाराकडे त्यांनी हयात घालवली, आणि जमीनदारांनी जाताना आपली कॅडिलॅक त्यांना दिली. बॉडी खास बांधून घेतलेली आहे असं जमीनदार म्हणत. ती उभी होती ती शेड आता त्यांना रिकामी करून द्यायची होती. भंगारवाला टपलेला होता. गाडी खरोखर तशी असली तर आपण न्यावी, नाहीतर तो मोडून नेईल, एवढाच मजकूर.

"मद्रासला बसच्या बॉड्या बांधणारे हुशार लोक आहेत," अण्णासाहेब म्हणाले. त्यांची कंबर धरली होती, नाहीतर ते स्वतःच गेले असते. "साध्या कॅडिलॅकवर तिथंच कुणी बॉडी चढवलेली असेल. तू बघ आणि तिथल्या तिथं सांगून टाक. म्हाताऱ्या माणसाला लोंबकळत ठेवू नको. तुझा शब्द तो माझा शब्द."

हे वाक्य मिरजेपासून गुंतकलपर्यंत आणि गुंतकलपासून पुढं माझ्या डोक्यात गाडीच्या चाकांसारखं वाजत होतं. मी होय म्हटलं आणि ती खोटी निघाली तर मालकांची अब्रू जाणार. नाही म्हटलं आणि ती खरी असली तर जगात एकच असलेली वस्तू माझ्या तोंडानं मोडीत जाणार. माझ्याजवळ मापाची फीत होती, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर होता, एक चांगला लोहचुंबक होता आणि मासिकांतून कापलेली काही चित्रं होती. अनुभव नव्हता.

मैलापूर, शुक्रवार

सेतुरावांचं घर मैलापुरात देवळाच्या मागच्या गल्लीत आहे. दारासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी. तिला तिकडे कोलम म्हणतात. आमच्याकडे रांगोळीची भुकटी दगडाची, कुणी खात नाही. इथं मुंग्या रांगेनं येऊन रांगोळीच उचलून नेत होत्या आणि कुणाची हरकत नव्हती.

सेतुराव उंच, वाळके, कपाळावर गंध, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. "कोल्हापुराहून येणार म्हणून कागद आला होता," ते म्हणाले. "बसा की. काप्पी घ्या."

मी म्हणालो, "आधी गाडी पाहिली असती."

"आतां राहुकाळ. संपला म्हणजे पाहूं."

आमच्याकडे राहुकाळ पंचांगात असतो. इथं तो भिंतीवरच्या घड्याळात असतो. रोज येतो, वार बदलला की वेळ बदलते, आणि त्यात कुणी नवं काम धरत नाही. शेड परसातच होती, बसल्या जागेवरून तिचं कुलूप दिसत होतं. मी पितळी वाटीतली कॉफी पेल्यात, पेल्यातली वाटीत करत बसलो. सवय नव्हती म्हणून थोडी मांडीवर सांडली.

सेतुरावांच्या पत्नीला सगळी गल्ली अम्मा म्हणते, मीही म्हणू लागलो. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझं बोलणं ऐकत होत्या. थोड्या वेळानं नवऱ्याला म्हणाल्या, "हे बोलतांत की पुस्तक वाचतांत?"

"कॉलेजांत शिकले अहेत," सेतुराव म्हणाले.

"मग असूं दे."

त्यांचं मराठी ऐकून मलाही आपण जुन्या पोथीत शिरलो आहोत असं वाटत होतं, पण मी बोललो नाही. 'सगळं' या अर्थी ते 'अस्कं' म्हणतात. जेवताना अम्मा सारख्या म्हणत, "अस्कं संपवा." डांगराची पचडी, वांग्याचं आंबट रसवांगं, भाताचे तीन फेरे. पचडी थेट माझ्या आईच्या हातच्या डांगरासारखी, फक्त वरून मोहरीची फोडणी. एरवी मी मागून घेतली असती.

राहुकाळ संपला आणि शेड उघडली.

गाडी एवढी लांब होती की शेडचं मागचं दार काढून तिथं ताट्या लावल्या होत्या. रंग गडद लाल, खाऱ्या हवेनं विटलेला. निकलवर देवीसारखे व्रण. टायर बसलेले. मागच्या आसनावर, काचेच्या पडद्याच्या मागं, जिथं जमीनदार बसत, तिथं नारळ रचून ठेवले होते.

"जागा मोठी अहे की," अम्मा म्हणाल्या. "वायां कशाला घालवायची?"

तरी मी गाडीभोवती एक फेरी घातली. छताची उतरण कुठल्याच चित्राशी जुळत नव्हती. खिडक्यांच्या चौकटी बोटाएवढ्या बारीक. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला. इंजिनावरची पाटी आणि चासी कॅडिलॅकची, त्यात शंका नव्हती. प्रश्न वरच्या अंगाचा होता. बॉडी बांधणारे दाराच्या उंबऱ्याशी आपल्या नावाची लहानशी पट्टी लावतात. मी गुडघे टेकून पाहिलं. तिथं स्क्रूंची भोकं होती, पट्टी नव्हती.

"इथं काही होतं का?"

सेतुरावांनी वाकून पाहिलं. "असेल. मी पुढं बसत असें, चालकाशेजारीं. मागचा उंबरा मी कधीं ओलांडला नाहीं."

मी चुंबक काढला. साच्यातली बॉडी पोलादी असते, चुंबक चिकटतो. दारांवर चुंबक चिकटला नाही, घसरून खाली पडला. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. मला आनंद झाला, पण तो टिकला नाही. बसच्या बॉड्या बांधणारेही अ‍ॅल्युमिनियमच वापरतात. संध्याकाळ झाली तेव्हा मला काल माहीत होतं त्याहून जास्त काहीही माहीत नव्हतं, आणि सेतुराव एकदाही "काय वाटतं?" म्हणाले नव्हते. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी मापली. फिजिक्सच्या विद्यार्थ्याला जे येतं ते केलं. डावं मागचं दार, उजवं मागचं दार. उंची, रुंदी, खिडकीची कमान, बिजागऱ्यांमधलं अंतर. उजवं दार डाव्यापेक्षा तीन सूत, म्हणजे पाव इंचाहून जास्त, रुंद निघालं. मी पुन्हा मापलं. तीन सूतच. खिडकीच्या कमानीही एकमेकींवर बसत नव्हत्या. कागदावर एकीचा आकार काढून दुसरीला लावला तर वरच्या कोपऱ्यात फट राहत होती.

दोन्ही दारांचं आतलं अस्तर सोडवलं. आत लाकडाची चौकट, तेलानं आणि धुळीनं काळी पडलेली. तिच्यावर पटाशीनं मारलेल्या खुणा, डाव्या दारात दोन-दोन चिरा, उजव्या दारात तीन-तीन. कुणीतरी ही दारं खोलून पुन्हा बसवली आहेत, हे दिसतच होतं.

मी हिशेब मांडला. एवढी महाग गाडी, एवढ्या नावाजलेल्या हातांची, तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत, हे कसं शक्य आहे? एकतर ती कुठंतरी आदळली आणि एक बाजू इथं नव्यानं ठोकली, किंवा सगळीच इथं अंदाजानं बांधली. दोन्हीत ती आमच्या कामाची नाही. मला तर्क नीट वाटला. शिवाय खरं सांगायचं तर, कुठला तरी निकाल लागला याचंच मला बरं वाटलं.

सेतुराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणालो, "राव, गाडी तशी नाही."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "बरं," ते म्हणाले.

अम्मा आतून आल्या. "म्हणजे जमीनदारांनीं ह्यांना खोटं सांगितलं?"

"तसं नाही, अम्मा. त्यांना कुणीतरी फसवलं असेल."

"त्यांना कोण फसवणार? ते लोकांना फसवत."

"पुरे," सेतुराव म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

संध्याकाळी भंगारवाला आला. जॉर्ज टाउनमधला नायकर. गोल, हसरा माणूस, कानात खडे. त्याला मुख्यतः इंजिन हवं होतं. एन्नोरला कुणाचा तरी बर्फाचा कारखाना होता, त्यासाठी. पत्रा तो भांडी करणाऱ्यांना विकणार होता. मोडक्या हिंदीत त्यानं मला समजावलं, "अच्छा पत्रा. इडली का बर्तन बनेगा." अम्मांनी ताटात विड्याची पानं, सुपारी आणि केळी ठेवली, सेतुरावांनी ते ताट दोन्ही हातांनी पुढं केलं, नायकरनं दोन्ही हातांनी घेतलं आणि विडा तोंडात घातला. कागद नाही, सही नाही. माणसं सोमवारी येणार होती. माझी परतीची गाडीही सोमवारचीच होती.

एन्नोर, रविवार

रविवार रिकामा होता. घरात बसवेना, म्हणून मी एन्नोरची लोकल धरली. समुद्र तरी पाहून घ्यावा.

गाडीतून उतरल्यावर वाळूत बरंच चालावं लागतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये कोळ्यांच्या झावळ्यांच्या झोपड्या. वाळत घातलेल्या मासळीचा वास असा की प्रथम नाक धरावं लागतं आणि मग नाक धरण्यात अर्थ नाही हे कळतं. आमच्याकडे कोकणात होड्या पाहिल्या आहेत, पण इथली कट्टुमरम म्हणजे होडीच नव्हे. चार-पाच ओंडके, दोरीनं आवळून बांधलेले. समुद्रातून परतलं की दोरी सोडतात, ओंडके वाळूत सुकत ठेवतात, निघताना पुन्हा बांधतात.

एक नवरा-बायको बांधत होते. नवऱ्यानं एक ओंडका उचलून बाजूला लावला. बायको जोरानं काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, सूर कळला, आमच्याकडेही तोच असतो. त्यानं ओंडक्याचं टोक पाहिलं, पुटपुटला, आणि तो उचलून पलीकडच्या बाजूला नेला. तिथं तो चपखल बसला. टोकावर कोयत्याच्या दोन चिरा होत्या.

मी नुसता पाहत होतो. तसल्याच दोन चिरा मी काल गाडीच्या डाव्या दारात पाहिल्या होत्या.

आमच्या मेटात चाक बांधताना वडील प्रत्येक आऱ्याच्या बुडाशी आणि चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकाशी पटाशीनं जोडखूण करतात. कारण हातानं केलेला एक आरा दुसऱ्याच्या भोकात बसत नाही. बैलगाडीची डावी आणि उजवी बाजू एका मापाची असते असं म्हणतात, पण लावून पाहिलं तर नसते. साच्यातून काढलेल्या वस्तूला खूण कोण करील? कुठलंही दार कुठंही बसतं. दोन बाजू तंतोतंत सारख्या निघाल्या असत्या, तर ती गाडी साच्यातली ठरली असती. मी बरोबर मापं घेतली आणि त्यांतून नेमका उलटा निकाल काढला.

पण मग दुसरी भीती उभी राहिली. हातानं बांधली, हे ठीक. कुणाच्या हातानं? मद्रासचा सुतारही खुणा करीलच. आणि तिथं मला आठवलं की चौकटीचं लाकूड कुठलं हे मी पाहिलंच नाही. काळं दिसलं, सोडून दिलं. सुतारमेटात वाढलो, आणि व्हर्निअर हातात आल्यावर लाकडाकडे पाहायचं विसरलो.

परतीच्या लोकलला वेळ होता. फलाटावर मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की तिकीट तपासनिसानं माझं तिकीट दोनदा मागितलं.

मैलापूरला पोचलो तो अम्मा नारळ गाडीतून काढून परसात लावत होत्या. "सेतुराव कुठं आहेत? मला दारं पुन्हा खोलायचीत," मी म्हणालो.

"काल खोललीं की."

"काल चुकीचं पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातून चाकू आणून दिला.

मागची दारं तशीच ठेवून मी जिथं दुरुस्तीचं कारणच नव्हतं तिथं गेलो. पुढची दारं, मागच्या आसनाखालची चौकट, छताच्या कडेचं अस्तर, डिकीचं झाकण. प्रत्येक लाकडी तुकड्यावर चिरा होत्या, आणि चिरांशेजारी ठशानं ठोकलेला एकच आकडा, सगळीकडे तोच. सगळी बॉडी एका ठिकाणी, एका जोडणीत झालेली होती. मग मी चाकूनं काळा थर खरवडला. सेतुराव कंदील धरून मागं उभे होते, कारण शेडमध्ये अंधारून आलं होतं.

इकडचा कुणीही बांधणारा सागच वापरणार. सागाचा वास मला झोपेत कळतो. हे लाकूड फिकं होतं, लांब सरळ रेघांचं, चिवट. वास जवळजवळ नाही. शिसव नाही, बाभूळ नाही, आपल्याकडचं काहीच नाही. मी एक कपचा काढून सेतुरावांच्या हातात दिला.

"हे समुद्रापलीकडचं झाड आहे," मी म्हणालो. "जमीनदार खरं बोलत होते."

सेतुरावांनी कपचा उलटसुलट केला. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो उजळला नाही. "आतां काय उपयोग?" ते म्हणाले. "तांबूल दिलं."

"कागद तर झाला नाही ना?"

"कागद फाडतां येतो, तम्बी." धाकट्याला तिकडे तम्बी म्हणतात. "त्यानें विडा खाल्ला. तो कसा फाडूं?"

आमच्याकडेही सुपारी फुटली की लग्न ठरतं. पण सुपारी फुटून मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. इथं ते चालणार नाही, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. आणि त्यांना तसं सांगायची माझी छाती नव्हती, कारण माझ्याच सांगण्यावरून ते ताट पुढं झालं होतं.

तार ऑफिसातून मी अण्णासाहेबांना जादा दराची तार केली. बॉडी अस्सल, भंगारवाल्याला शब्द गेला, इंजिन सुटणं कठीण, काय करू. रात्रभर डास आणि मी जागे होतो.

जॉर्ज टाउन, सोमवार

सकाळी उत्तर आलं. खात्री असेल तर घे. एवढंच. घे किंवा नको असं काहीतरी येईल या आशेवर मी होतो. उलट सगळं पुन्हा माझ्याच पदरात.

सेतुराव आणि मी बसनं जॉर्ज टाउनला गेलो. बंदराजवळच्या त्या गल्ल्यांत एकेक गल्ली एकेका मालाची. एकीत नुसता कागद, एकीत नुसती फळं, एकीत दोर. हातगाडीवाले "वळी, वळी" ओरडत अंगावर येतात, म्हणजे वाट द्या. नायकरचं दुकान लोखंडाच्या गल्लीत, दारात मोटारींचे दिवे माळेसारखे टांगलेले. त्याची माणसं हत्यारं गोळा करून आमच्याकडेच निघायच्या बेतात होती.

सेतुराव तमिळमध्ये बोलले. मला एकच शब्द सारखा ऐकू येत होता, 'तांबूलम'. नायकर ऐकत होता आणि माझ्याकडे पाहत होता. मग हिंदीत म्हणाला, "तम्बी, परसों तुम बोला, गाडी झूठा. आज बोलता, सच्चा. परसों बी.एस्सी. था, अब क्या, एम.एस्सी. हो गया?"

त्याची माणसं हसली. मी हसलो नाही. कपचा त्याच्यापुढं ठेवला. लाकडाचं त्याला काही वाटलं नाही. खुणांचं सांगितलं, त्याचंही नाही. त्याच्या दृष्टीनं तो पत्राच होता. तेव्हा मला सुचलं ते मी बोललो, आणि ते बोलायचा मला अधिकार नव्हता. "इंजिन तुम्ही घ्या. आम्हांला ते नको. बाकीचं आम्हांला द्या. पत्र्याचा भाव तुम्ही म्हणाल तो."

आमच्या कारखान्यात एक साधी कॅडिलॅक उभी आहे. तिची बॉडी कुजलेली, इंजिन चांगलं. इंजिनं डझनांनी मिळतात. हे मी वाटेत बसमध्ये मनाशी घोळवलं होतं, पण अण्णासाहेब ते मानतील की मला दारात उभं करणार नाहीत, हे कुठं माहीत होतं?

नायकरनं सेतुरावांकडे पाहिलं. "अय्या, तुमचं तांबूल माझ्याजवळ राहू दे. ते इंजिनाचं. पत्र्याचं तांबूल यानं द्यावं," असं तो म्हणाल्याचं सेतुरावांनी मला सांगितलं. आणि हळूच पुढं म्हणाले, "विचार करा. हें दिलं म्हणजे तुमच्या मालकांनीं दिलं."

समोरच पानवाला होता. मी पानं-सुपारी आणली. ताट नव्हतं, म्हणून नायकरच्या माणसानं दुकानातलं एका मोटारीच्या चाकाचं झाकण पुसून दिलं. ते मी दोन्ही हातांनी धरलं. पुढं करायच्या आधी क्षणभर माझे हात अडले. अण्णासाहेबांचा शब्द एका भलत्याच मोटारीच्या चाकाच्या झाकणात होता. मग मी ते पुढं केलं, आणि नायकरनं घेतलं, आणि पान चुना लावून तोंडात टाकलं. आता फाडता येणार नव्हतं.

साल्ट कोटर्स

मी परतीचं तिकीट रद्द केलं. दोन दिवसांत इंजिन निघालं. रेल्वेच्या मालधक्क्याला, साल्ट कोटर्सला, गाडी न्यायची तर ओढून न्यावी लागणार होती. नायकरनंच टायरांत हवा भरवली आणि बैलजोडी पाठवली. मला मोटार चालवता येत नाही. पण कुणीतरी चक्र धरायला हवं, आणि गाडी आता माझ्या शब्दावर होती, म्हणून मीच बसलो.

सेतुराव सवयीनं पुढं, माझ्या शेजारी बसले. अम्मांनी मागचं दार उघडलं, आसनावरचा नारळाचा काथ्या झटकला आणि सरळ आत बसल्या.

"तूं कुठें?" सेतुराव वळून म्हणाले.

"एवढीं वर्षें माझ्या परसांत होती. आतां धक्क्यापर्यंत तरी बसतें."

मैलापुरातून निघालो तेव्हा गल्ली दारात उभी होती. बैल संथ, गाडी मुकी. चौकात पोलिसानं हात केला, मग गाडीला पुढं बैल पाहून हातच खाली घेतला. एका पुलाच्या उतारावर गाडी बैलांवर जाईल या भीतीनं मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. तो लागला. सेतुरावांनी माझ्या दंडाला धरलं होतं, ते पूल संपेपर्यंत सोडलं नाही. मागून काचेच्या पडद्यावर टकटक झाली. अम्मांनी काच सरकवली.

"जमीनदार असेच बसत का?" त्यांनी विचारलं.

सेतुरावांनी या खेपेला मान वळवून नीट मागं पाहिलं. "ते जरा डावीकडे बसत," ते म्हणाले.

अम्मा डावीकडे सरकल्या.

धक्क्यावर गाडी वॅगनवर चढवली, चाकांना ओंडके लावले, दोर आवळले. दोघं फलाटावर उभी होती. "पोचली म्हणजे कागद घाला," सेतुराव म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी काय आशीर्वाद दिला ते इंजिनाच्या शिट्टीत ऐकू आलं नाही.

मोटार कोल्हापूरला पोचायला माझ्यानंतर बरेच दिवस लागले. तेवढे दिवस अण्णासाहेब माझ्याशी कामापुरतं बोलत होते. आली तेव्हा त्यांनी कंबरेला हात लावून तिला एक फेरी घातली. डाव्या दारावर हात फिरवला, उजव्या दारावर फिरवला. अस्तर सोडवून घेतलं, आत बोट घालून चिरा चाचपल्या, लाकूड नखानं खरवडलं. मी मागं उभा होतो.

शेवटी त्यांनी हात पुसले. "पुढच्या खेपेला आधी लाकूड बघ," ते म्हणाले, "आणि मग बोल."

मी मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी मी सेतुरावांना कार्ड टाकलं, गाडी सुखरूप पोचली म्हणून. आणि खाली अम्मांसाठी लिहिलं की, मागचं आसन आम्ही बदलणार नाही.